'सालुद' म्हणजे आरोग्य : मेक्सिकोच्या कांतिनातला चखणा आणि यकृताचे घड्याळ

दुपारचे दोन वाजलेले असतात. मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात एक प्रवासी छातीइतक्या उंचीची, आत-बाहेर झुलणारी लाकडी दारे ढकलून आत शिरतो. समोर लांबलचक लाकडी बार, त्यामागे आरसा आणि बाटल्यांच्या रांगा. एका टेबलावर चार वयस्कर गृहस्थ डॉमिनोच्या सोंगट्या खडखडवत बसलेले, दुसऱ्यावर कचेरीतून जेवायला आलेली मंडळी. वेटर येतो आणि एवढेच विचारतो, काय पिणार? खायला काय हवे, हे विचारायची जुन्या ठिकाणी फारशी पद्धत नाही. पेला आला की त्याच्यामागोमाग बशी येते. पहिल्या पेल्याबरोबर कोळंबीच्या तिखट सुपाचा छोटा वाडगा, दुसऱ्याबरोबर कुरकुरीत तोस्तादा, पुढच्या पेल्यांबरोबर डुकराचे मऊ शिजवलेले मांस किंवा एखादा रस्सा. शेजारच्या टेबलावरचे कोणी पेला उंचावते आणि म्हणते, 'सालुद!'

स्पॅनिश भाषेत 'सालुद' म्हणजे आरोग्य. कोणी शिंकले तरी मेक्सिकोत हाच शब्द उच्चारतात. मद्याचा पेला हाती धरून आरोग्य चिंतायचे यात विसंगती आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे निर्धोक मानता येत नाही. तरीही परदेशी गेलेला माणूस कुतूहलापोटी अशा ठिकाणी जातोच. तिथले खाणे, गप्पा आणि गाणे हा त्या देशाच्या संस्कृतीचा भाग आहे. जाणाऱ्याने आपल्या शरीरात काय घडणार आहे एवढे जाणून जावे, यासाठी आजचा हा लेख.

कॅन्टीनचा सख्खा शब्द

'कांतिना' हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ तळघर, वाइन साठवण्याची थंड जागा. तोच शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्या कचेऱ्यांत 'कॅन्टीन' होऊन आला. आपल्या कॅन्टीनमध्ये चहा-वडा मिळतो, मेक्सिकोच्या कांतिनात टकीला आणि बीअर, एवढाच फरक.

एकोणिसाव्या शतकात मेक्सिको सिटीत कांतिना वाढल्या. 'एल निवेल' ही त्यांतली एक १८५५ मध्ये सुरू झाली. शहरातला परवाना क्रमांक एक तिच्याकडे होता, आणि ती २००८ मध्ये बंद पडली. 'ला ओपेरा' मात्र अजून चालू आहे. तिच्या छताला एक गोळीचे भोक दाखवतात आणि ते मेक्सिकन क्रांतीतला नेता पांचो विया याच्या पिस्तुलाचे असल्याचे सांगतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मेक्सिको सिटीच्या कांतिनात स्त्रियांना प्रवेश नव्हता. अल्पवयीन मुले, गणवेशातले पोलीस-सैनिक आणि फेरीवाले यांच्याबरोबर स्त्रियांनाही मज्जाव करणाऱ्या पाट्या दारावर असत. आज तिथे कुटुंबे जेवायला बसलेली दिसतात.

दार सर्वांसाठी उघडले, तरी शरीरशास्त्र सर्वांना सारखे वागवत नाही. मद्यार्क शरीरातल्या पाण्यात मिसळतो. स्त्रियांच्या शरीरात वजनाच्या मानाने पाण्याचे प्रमाण कमी असते. त्यामुळे त्याच वजनाच्या स्त्री-पुरुषाने सारखेच पेले घेतले, तरी स्त्रीच्या रक्तातली पातळी जास्त चढते. वय वाढते तसे शरीरातले पाणी कमी होते, म्हणून साठीपुढच्या माणसालाही हेच लागू आहे. नवऱ्याच्या बरोबरीने पेला रिकामा करणारी पत्नी आणि मुलाच्या बरोबरीने घेणारे वडील, दोघेही नकळत जास्त मात्रा घेत असतात.

बशीचे शरीरशास्त्र

पेल्याबरोबर येणाऱ्या त्या बशीला 'बोताना' म्हणतात. आपल्याकडचा चखणा तो हाच, फक्त बराच भरभक्कम. चखण्यावर साधारणपणे विनोद होतात, पण वैद्यकीय दृष्टीने कांतिनातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच आहे.

मद्यार्क जठरातून थोडाच शोषला जातो. त्याचे खरे शोषण लहान आतड्यात होते आणि ते फार झपाट्याने होते. जठर आणि लहान आतडे यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. जठर रिकामे असेल तर पेय त्या झडपेतून भराभर पुढे सरकते आणि अर्ध्या ते एका तासात रक्तातली पातळी शिखरावर पोहोचते. जठरात अन्न असेल, विशेषतः स्निग्ध आणि प्रथिनयुक्त अन्न, तर झडप थोडे थोडेच पुढे सोडते. दरम्यान जठराच्या अस्तरातले एक विकर काही मद्यार्काचे तिथेच विघटन करते, आणि आतड्यातून यकृताकडे जाणारा ओघ संथ असल्यामुळे यकृतालाही त्याचा समाचार घ्यायला सवड मिळते. परिणामी तेवढ्याच पेल्यांनी रक्तातले शिखर एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत खाली राहू शकते आणि ते उशिरा येते. दोन ते चार ही मेक्सिकोत मुख्य जेवणाची वेळ. त्या वेळी, जेवणासह, गप्पा मारत, घोटाघोटाने पिण्याची जुनी रीत म्हणूनच शरीराला कमी धक्का देणारी आहे.

परदेशी प्रवासी इथेच चुकतो. चित्रपटांत पाहिल्याप्रमाणे तो मीठ चाटतो, टकीलाचा पेला एका दमात घशाखाली ओततो आणि लिंबू चोखतो. जुन्या कांतिनातली मंडळी टकीला अशी पीत नाहीत. शेजारी 'सांग्रिता' नावाचे आंबट-तिखट लाल पेय ठेवून ती आळीपाळीने एकेक घोट घेतात. मेस्कालबद्दल तर, तो पिऊ नये, त्याचे हलके मुके घ्यावेत, असे तिथे म्हणतात. एका दमात पिणारा माणूस बोतानाने मिळणारे संरक्षण स्वतःच्या हाताने दूर सारतो.

बोतानाला दुसरी बाजूही आहे. ती 'फुकट' असते, पण पुढची बशी हवी तर पुढचा पेला मागवावा लागतो. तिसऱ्या पेल्यानंतर चांगला पदार्थ येणार हे ठाऊक असते, म्हणून दोनवर थांबणारा माणूस तिसरा मागवतो. बशी पेल्याची धार कमी करते आणि तीच बशी पेल्यांची संख्या वाढवते. बशीमुळे मद्य चढण्याचा वेग कमी होतो. एकूण हिशेब मात्र फारसा बदलत नाही.

यकृताचे घड्याळ

हा हिशेब प्रत्येकाला करता येण्याजोगा आहे. पेयाचे मिलीलिटर, त्यातले मद्यार्काचे शेकडा प्रमाण आणि ०.७९ हा आकडा यांचा गुणाकार केला की मद्यार्काचे ग्रॅम मिळतात. ३८ टक्क्यांची टकीला ६० मिलीलिटर, म्हणजे आपल्याकडचा एक 'लार्ज', घेतली तर सुमारे १८ ग्रॅम होतात. ४५ टक्क्यांचा मेस्काल तेवढाच घेतला तर सुमारे २१ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बीअरच्या ३५५ मिलीलिटरच्या बाटलीत सुमारे १४ ग्रॅम.

निरोगी प्रौढ माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क हातावेगळा करते. जेवणाने हा वेग काहीसा वाढतो, पण फार नाही. काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबू, व्यायाम यांपैकी कशानेही तो लक्षणीय वाढत नाही. दुपारी दोन ते सहा या वेळात बोतानासह टकीलाचे चार पेले घेतलेल्या माणसाच्या शरीरात ७२ ग्रॅम मद्यार्क गेलेला असतो. तासाला ८ ग्रॅम धरले तर तो पूर्ण निघायला नऊ तास लागतात, म्हणजे रात्रीचे अकरा. यकृत थोडे मंद असेल तर मध्यरात्र उलटते. पोट भरलेले असल्यामुळे सहा वाजता त्याला 'फारसे काही चढलेले नाही' असे वाटते, आणि धोका याच वाटण्यात आहे. गाडी चालवण्याचा, जिना उतरण्याचा, रस्ता ओलांडण्याचा निर्णय माणूस आपल्या वाटण्यावरून घेतो. मेक्सिको सिटीत २००३ पासून रस्त्यावर वाहनचालकांची श्वास-तपासणी होते. त्या यंत्राला माणसाला काय वाटते याच्याशी देणेघेणे नसते.

शिवाय प्रत्येक ग्रॅम मद्यार्कातून सात उष्मांक मिळतात. चार पेल्यांचे पाचशेच्या आसपास उष्मांक झाले, आणि बोतानातले तेल-मांस वेगळे. मेक्सिकोत यकृताचे आजार अनेक वर्षे मृत्यूच्या प्रमुख कारणांमध्ये गणले जातात. त्यामागे मद्य आहेच, शिवाय लठ्ठपणा आणि मधुमेहही आहेत. या तिन्हींची युती आपल्याकडच्या रुग्णालयांतही रोज दिसते.

कळसूबाईपेक्षा उंच टेबल

प्रवाशाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी या हिशेबात मिळवाव्या लागतात. पहिली उंची. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे हे अवाढव्य शहर महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराच्याही सुमारे सहाशे मीटर वर वसले आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास तीन चतुर्थांश असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. बहुतेकांना तीव्र त्रास होत नाही, पण पहिले एक-दोन दिवस डोके दुखणे, जिना चढताना धाप लागणे, झोप तुटक होणे हे सर्रास होते.

उंचीवर मद्य 'दुप्पट चढते' असा समज आहे. रक्तातली पातळी उंचीमुळे फारशी वाढत नाही. पण विरळ हवेची लक्षणे आणि मद्याची लक्षणे एकसारखीच असतात, म्हणून ती एकमेकांत मिसळतात. त्यात मद्य झोपेतला श्वास मंद करते, त्यामुळे आधीच कमी असलेला प्राणवायू रात्री आणखी घसरतो. मद्यामुळे लघवीही वाढते, कारण मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगणारे संप्रेरक दबते. कोरड्या हवेत, लांबच्या विमानप्रवासानंतर शरीराला हे परवडत नाही. झोपेत घोरणाऱ्या आणि श्वास अडकणाऱ्या माणसांनी, तसेच दम्याच्या व हृदयाच्या रुग्णांनी पहिल्या दोन दिवसांत मद्याला हात न लावणेच बरे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. मेक्सिको सिटीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. तिथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा नुकत्याच उतरलेल्या मराठी प्रवाशाच्या शरीरात रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्या वेळी मेंदू झोपेसाठी तयार असतो आणि पचन मंदावलेले असते. दोन पेल्यांत डोळे मिटायला लागले तर दोष टकीलाचा एकटीचा नसतो.

बाटलीतला घायपात

पेल्यात जे आहे त्याची मूळ वनस्पती महाराष्ट्राला ओळखीची आहे. शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला कुंपण म्हणून लावलेला, लांब काटेरी पानांचा घायपात आपण पाहिलेला असतो. त्याच्या पानांतल्या धाग्यांचे दोर वळतात. घायपाताचे हे सारे कुळ मूळचे मेक्सिकोकडचे, आणि टकीला-मेस्काल त्याच कुळातल्या 'अगावे' वनस्पतींपासून बनतात. टकीलासाठी फक्त निळसर अगावे चालतो आणि तो पक्व व्हायला साधारण सहा-आठ वर्षे लागतात. पाने छाटल्यावर अननसासारखा दिसणारा मोठा गड्डा उरतो. त्यातली शर्करा लांब साखळ्यांच्या रूपात असते, आणि सामान्य यीस्टला ती तशी आंबवता येत नाही. म्हणून गड्डा आधी भट्टीत शिजवतात. मेस्कालसाठी तो जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात, धुरकट वास येतो तो त्यामुळे. मग आंबवणे आणि शेवटी ऊर्ध्वपातन.

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत पेक्टिन असते. ते तुटताना थोडे मिथेनॉल तयार होते. नियमानुसार तयार केलेल्या टकीलात ते ठरवून दिलेल्या मर्यादेत राहते आणि त्याने विषबाधा होत नाही. धोका असतो तो भेसळीचा. स्वस्तात नफा कमावण्यासाठी कोणी औद्योगिक मिथेनॉल मिसळले की मृत्यू ओढवतात. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मेक्सिकोच्या अनेक भागांत बनावट दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. मुंबईकरांना हे नवे नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली होती. दोन्हीकडे विष एकच होते आणि बळी पडलेले लोकही प्रामुख्याने गरीबच.

मिथेनॉल शरीरात गेल्यावर यकृत त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर करते. हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर घाव घालते. फसवे असे की, सुरुवातीला नेहमीच्या नशेसारखेच वाटते. खरी लक्षणे बारा ते चोवीस तासांनी दिसू शकतात: पोटात तीव्र दुखणे, उलट्या, धाप आणि डोळ्यांसमोर बर्फ पडत असल्यासारखे पांढुरके धूसर दिसणे. अशा वेळी 'उतरेल आपोआप' म्हणून हॉटेलच्या खोलीत पडून राहणे घातक ठरते. प्रतिविष आणि डायलिसिस वेळेत मिळाले तर दृष्टी आणि जीव दोन्ही वाचू शकतात. म्हणून प्रवाशाने वर्दळीच्या, नावाजलेल्या कांतिनातच जावे, बाटली आपल्यासमोर ओतलेली असावी आणि रस्त्यावर बिनलेबलच्या बाटलीतून मिळणाऱ्या 'घरच्या' मेस्कालला नम्रपणे नकार द्यावा.

मिरची, लिंबू आणि बर्फ

कोल्हापूरच्या माणसाला मेक्सिकन तिखटाची भीती नसते. आपल्या मिरचीचे माहेरही तेच आहे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे आली. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाला जागे करते. हा संवेदक शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मद्यार्क याच संवेदकाचा उंबरठा खाली आणतो, इतका की शरीराच्या स्वतःच्या तापमानालाही तो 'भाजले' असे समजू लागतो. म्हणून तिखटावर टकीलाचा घोट घेतला तर आग वाढते. थंड बीअरने क्षणभर बरे वाटते, पण कॅप्सेसिन धुऊन जात नाही. त्यावर दूध, दही किंवा चीज हाच उपाय. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी तिखट, लिंबू आणि मद्य हे त्रिकूट टाळावे.

लिंबाची एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. हिरव्या लिंबाचा रस हाताला लागला आणि त्याच हातावर कडक ऊन पडले, तर दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे लाल चट्टे आणि फोड येऊ शकतात. त्यांचे काळपट डाग कित्येक आठवडे टिकतात. लिंबातली काही रसायने अतिनील किरणांनी सक्रिय होतात, त्याचा हा परिणाम. उघड्यावर बसून बीअरमध्ये लिंबू पिळणाऱ्याने हात धुवावेत.

पोट बिघडणे ही प्रवाशांची नेहमीची तक्रार, आणि बहुतेक वेळा तिच्यामागे ई. कोलायचे विशिष्ट प्रकार असतात. मद्याने किंवा लिंबाने जंतू मरतात या भरवशावर राहू नये, पेल्यातल्या मद्यात तेवढी ताकद नसते. टेबलावर तासन्‌तास उघडी राहिलेली साल्सा ही खरी शंकेची जागा. गरमागरम सूप त्यापेक्षा सुरक्षित. बर्फ कारखान्यात शुद्ध पाण्यापासून बनवलेला असला तर चालतो. तशी खात्री नसेल तर बर्फ नको म्हणावे. पोट बिघडलेच तर मद्य पूर्ण बंद आणि जलसंजीवनी सुरू.

गोळ्यांचा डबा आणि विजेची पेटी

साठीतल्या मराठी प्रवाशाच्या बॅगेत पासपोर्टाखालोखाल महत्त्वाचा असतो तो गोळ्यांचा डबा. त्यातल्या मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, आणि इन्सुलिन यांच्याबाबत सावध राहावे. उपाशी वेळी रक्तातली साखर टिकवण्यासाठी यकृत नवी साखर बनवत असते. मद्यार्काचा निपटारा करताना हे काम थांबते. औषध मात्र साखर खाली ढकलतच राहते. त्यामुळे पिऊन झाल्यावर काही तासांनी, बऱ्याचदा झोपेत, साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, बडबड, तोल जाणे ही साखर उतरल्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात. सोबतच्यांना वाटते, जास्त झाली आहे, झोपू द्या. अशा माणसाची साखर आधी तपासावी. तो शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही न देता रुग्णवाहिका बोलवावी.

झोपेच्या गोळ्या, काही ॲलर्जीच्या गोळ्या आणि मद्य एकत्र घेऊ नये, कारण श्वास मंदावतो. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेणेही टाळावे, यकृत त्या वेळी थकलेले असते.

कांतिनात कधी कधी एक माणूस गळ्यात छोटी पेटी अडकवून फिरताना दिसतो. पेटीला दोन धातूच्या दांड्या जोडलेल्या. पैसे दिले की तो विजेचे झटके देतो! मित्र एकमेकांचे हात धरून गोल करतात, टोकाचे दोघे दांड्या पकडतात, आणि पेटीवाला प्रवाह हळूहळू वाढवत नेतो. जो पहिला हात सोडेल तो हरला. हा 'तोकेस' नावाचा खेळ जुन्या कांतिनांचा ठेवा मानला जातो. पण एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह छातीतून जातो, हे विसरू नये. पेसमेकर बसवलेल्यांनी, हृदयाच्या ठोक्यांचा विकार किंवा फिट्सचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी त्या गोलात कधीही उभे राहू नये. इतरांनीही लांबून पाहिलेले पुरे.

न पिणाऱ्याचे टेबल

कांतिनात न पिणाऱ्याला कोणी हाकलत नाही. खनिज पाणी, लिंबाचा रस आणि मीठ यांचे पेय मागवता येते. आपल्या खाऱ्या लिंबू सोड्याचाच हा मेक्सिकन अवतार. त्याला तिथे 'सुएरो' म्हणतात, आणि रुग्णालयातल्या सलाइनलाही हाच शब्द आहे. ताज्या पेयासाठी ते उत्तम. पण जुलाबात त्याला जलसंजीवनी समजू नये. आतड्यातून मीठ आणि पाणी आत शोषले जायला सोबत ठरावीक प्रमाणात साखर लागते, ती या पेयात नसते. अंबाडीच्या कुळातल्या लाल फुलांचे आंबटगोड 'आग्वा दे खामाइका'ही बऱ्याच ठिकाणी मिळते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी सुएरोतल्या मिठाचे प्रमाण कमी करायला सांगावे.

शाकाहाऱ्यांची अडचण वेगळी आहे आणि तिचा थेट संबंध आरोग्याशी आहे. बोतानातले बहुतेक पदार्थ मांस-मासळीचे असतात. घेवड्याची उसळ वरवर शाकाहारी दिसली, तरी ती पुष्कळदा डुकराच्या चरबीत परतलेली असते. मेस्कालबरोबर येणाऱ्या लालसर मिठातही अळी वाटून मिसळलेली असू शकते. परिणामी शाकाहारी प्रवासी बशी परत पाठवतो आणि पेला मात्र ठेवून घेतो. म्हणजे ज्या टेबलावर बाकी सगळे भरल्या पोटी पीत असतात, तिथे तो एकटा रिकाम्या पोटी पितो, तेही विरळ हवेत आणि शरीराच्या मध्यरात्री. त्याने आधी पोटभर खाऊनच यावे, किंवा ग्वाकामोले, चीज भरलेली केसादिया, परतलेला नोपाल म्हणजे निवडुंग, शेंगदाणे असे काही वेगळे मागवावे. ते येईपर्यंत पेल्याला हात लावू नये.

कांतिनात जाऊन सुखरूप परतायचे तर गोष्टी फार नाहीत. शहरात उतरल्यावर पहिले दोन दिवस मद्य नको. आधी बशी, मग पेला. प्रत्येक पेल्यानंतर तेवढेच पाणी. पेले किती होणार हे बसण्यापूर्वीच ठरवलेले असावे, आणि तो आकडा पुढच्या बशीने बदलू नये. गाडी नको, टॅक्सी हवी. सोबतच्यांना आपला आजार आणि औषधे ठाऊक असावीत. जे पीत नाहीत त्यांनी या निमित्ताने सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. ज्यांना यकृताचा आजार आहे किंवा ज्यांची दारू प्रयत्नाने सुटली आहे, त्यांनी जेवायला दुसरी जागा शोधावी.

संध्याकाळी डॉमिनो खेळणारे चौघे सोंगट्या आवरतात आणि हिशेब मागवतात. वेटर कागदावर पेले मोजतो, बशा मोजत नाही. यकृतही तसेच करते. त्या कागदावरचा पेल्यांचा आकडा एकदा नीट वाचावा, किती ग्रॅम झाले आणि किती तास लागतील हे मनात मांडावे, आणि मगच उठून ती झुलणारी दारे ढकलावीत.